बारा नंबर

बुधवारी जुन्या बाजारात ऊन चढायच्या आत पोचावं लागतं.
नळाच्या तोट्या, मिलिटरीचे बूट, पाती नसलेले पंखे,
त्यांच्या पलीकडे कपड्यांचा ढीग, आणि ढिगाशी
मी, उकिडवी, पर्स मांडीत दाबून
कॉलरी उलट्या करून बघत.

रशीदभाईंना सवय झाली आहे माझी.
"मॅडम, नवं घ्या की, अडीचशेत अख्खं बार्सिलोना देतो."
मला ते नको.
मला हवं इथेच शिवलेलं, इथेच घामेजलेलं;
खडकी, रेंजहिल्स, घोरपडी,
कारखान्यांचे, चर्चच्या पोरांचे संघ,
ज्यांचे करंडक मोडीत गेले
आणि ज्यांच्या पाठीवरचा आकडा
कुणाच्या तरी आईने जुन्या चादरीतून कापला.

घरी एकोणतीस आहेत, बटरपेपरात.
नवरा म्हणतो, माझ्या शर्टाला बटण लावायला तुला सवड नाही.
खरं आहे.
मी कधी चेंडूला पाय लावला नाही.
शाळेच्या भिंतीवरून बघायचे, तेही लपून.
ऑफसाइड अजून धड कळत नाही.

हा सापडला तो बाटलीहिरवा, जाड सुती.
पाठीवर बारा.
रंग जसाच्या तसा, एक टाका निसटलेला नाही;
फक्त उजव्या कोपरापाशी डाग, विटकरी,
चहाच्या बशीएवढा.
घसरला असणार, मी म्हटलं, अडवलं असणार कुणाला तरी.
सत्तर रुपये.
वहीत लिहिलं: स्थिती उत्तम.

कॉलरच्या आत बिब्ब्याची खूण होती,
तीन ठिपके आणि एक शेपूट.
ही लिपी कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.
शनिवारी अर्धा दिवस टाकून धोबीघाटावर गेले.
गिरिजाबाई परदेशी. डोळ्यांना आता कमी दिसतं.
कॉलरवरून अंगठा फिरवला
आणि दारात कुणी ओळखीचं आल्यासारख्या बोलल्या:

"खडकीची पोरं ही. सोमवारी गठ्ठा यायचा.
अकरा चिखलाने बरबटलेले, बारावा कोरा.
सासू म्हणायची, कोरा कशाला धुतेस?
मी म्हणायची, पैसे बाराचे घेतो ना आपण.
गठ्ठा आणायचा तोच. बारावा.
एलिया, शिरसाठांचा.
सायकलच्या कॅरियरला अकरा जणांचा घाम बांधून."

थांबल्या. डाग नखाने खरवडून बघितला.

"एका सोमवारी हा एकटाच आला, चिखलात लडबडलेला.
म्हटलं, बाकीचे कुठायत रे?
म्हणाला, आज मीच फक्त.
म्हटलं, खेळलास म्हणजे!
मान खाली घालून हसला.
मी साबण जास्तीचा लावला त्या दिवशी.
एवढा डाग राहिला, गेलाच नाही.
मग कप्तान आला हिशोबाला. म्हणाला,
रविवारी कसली मॅच, मैदान बंद होतं,
दिवसभर परेड."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणायचं? एका शर्टाचे पैसे सोडले.
आणि त्याला कधी विचारलं नाही."

परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले.
बाकीचे अकरा कुठे असतील ते माहीत आहे मला:
विरले, फाटले, स्कूटर पुसून पुसून संपले.
खेळले म्हणून संपले.
जो उरला, तो उत्तम स्थितीत.
आणि याच दोन शब्दांसाठी
मी एवढी वर्षं दर बुधवारी ढीग उपसते आहे.

वहीत एक रकाना असतो:
सामन्यात वापरला, होय किंवा नाही.
रात्रीपर्यंत तो रिकामा ठेवला.
मग लिहायला बसले तर पेन चालेना.
नवऱ्याच्या खिशातलं घेतलं
(खिशाची शिवण उसवलेली आहे, बघितलं)
आणि लिहिलं: होय. एकदा.

त्याच्या पुढचा रकाना, कुणाविरुद्ध,
अजून कोराच आहे.